जेसन परत करणाऱ्या कंट्रोलर मेथडची युनिट चाचणी

जेसन परत करणाऱ्या कंट्रोलर मेथडची युनिट चाचणी हा वेब आज्ञावलींच्या विकासातील चाचणीचा एक प्रकार आहे. वेब अनुप्रयोगातील काही मेथड संपूर्ण एचटीएमएल पान न देता केवळ माहिती देतात आणि ती जेसन या मजकूर-स्वरूपात पाठवली जाते. अशी मेथड वेब सर्व्हर, ब्राउझर व डेटाबेस यांच्यापासून अलग करून स्वतंत्रपणे तपासणे हा या चाचणीचा उद्देश असतो. एकावर एक अवलंबून असलेल्या निवडयाद्या, मोबाईल अ‍ॅपला माहिती पुरवणाऱ्या सेवा आणि एकाच पानावर चालणारे अनुप्रयोग यांचा पाठीचा कणा अशा मेथडच असतात.

या चाचणीचे एक वैशिष्ट्य अनेकदा दुर्लक्षित राहते. मेथड थेट बोलावली असता चाचणीच्या हाती बहुधा जेसन येतच नाही. जेसन होण्यापूर्वीचा ऑब्जेक्ट येतो. त्याचे मजकुरात रूपांतर नंतर, फ्रेमवर्कच्या दुसऱ्या टप्प्यात होते. या रूपांतरास सिरियलायझेशन म्हणतात. चाचणी यशस्वी ठरूनही वापरकर्त्याला चुकीची माहिती मिळते, अशा प्रकारांचे मूळ पुष्कळदा या दोन टप्प्यांमधील अंतरात सापडते. मराठी माहितीच्या बाबतीत हे अंतर अधिकच जाणवते.

पार्श्वभूमी

मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी त्रिस्तरीय रचना नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीनस्काउग यांनी १९७८-७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना मांडली. वेब फ्रेमवर्कमध्ये या रचनेचा अर्थ काहीसा बदलला. तेथे आलेली विनंती स्वीकारणारा, कोणती माहिती द्यायची हे ठरवणारा आणि उत्तराचे स्वरूप निवडणारा घटक म्हणजे कंट्रोलर होय.

आज रूढ असलेली युनिट चाचणीची पद्धत केंट बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी केलेल्या एसयुनिट या चौकटीपासून सुरू झाली. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गॅमा यांनी जावासाठी जेयुनिट तयार केले व त्याच धर्तीवर इतर भाषांतही चौकटी आल्या. जेसन हे स्वरूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ पासून प्रचारात आणले. त्याचे पहिले विवरण आरएफसी ४६२७ हे २००६ मध्ये, तर सध्याचे आरएफसी ८२५९ हे डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मायक्रोसॉफ्टची एएसपी डॉट नेट एमव्हीसी ही चौकट मार्च २००९ मध्ये आली. आधीच्या वेब फॉर्म्स पद्धतीत पानाची तार्किक बाजू पानापासून वेगळी काढणे जिकिरीचे होते. नव्या चौकटीत कंट्रोलर हा साधा क्लास असल्यामुळे तो सर्व्हरविना तपासता येतो, हा तिच्या बाजूने मांडला जाणारा प्रमुख मुद्दा होता. तिच्यातील जेसनरिझल्ट या प्रकारामुळे जेसन देणाऱ्या मेथड लिहिणे सोपे झाले आणि त्यांची चाचणी कशी करावी हा प्रश्नही तेथूनच पुढे आला.

उदाहरण: तालुक्यावरून गावांची यादी

महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहताना जिल्हा, तालुका आणि गाव अशी क्रमाने निवड करावी लागते. तालुका निवडताच गावांची यादी भरली जाते, ही पद्धत शेतकरी, वकील, बँक कर्मचारी अशा सर्वांच्या परिचयाची आहे. अशी यादी पुरवणारी एक काल्पनिक मेथड येथे उदाहरणादाखल घेतली आहे. प्रत्यक्ष शासकीय प्रणालीच्या अंतर्गत रचनेशी तिचा संबंध नाही. मेथडला तालुक्याचा संकेतांक दिला जातो आणि ती पुढील प्रकारचे उत्तर देते:

{ "जिल्हा": "पुणे", "तालुका": "शिरूर", "गावे": ["न्हावरे", "पाबळ", "शिक्रापूर"] }

जेसनमध्ये रकान्यांची नावे कोणत्याही लिपीत असू शकतात, त्यामुळे वरील मजकूर नियमानुसार वैध आहे. व्यवहारात मात्र रकान्यांची नावे सहसा रोमन लिपीत ठेवली जातात.

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारचे तालुके असून काही अंतरापर्यंत भीमा नदी ही त्यांची सीमा आहे. चाचणीच्या दृष्टीने ही जोडी उपयुक्त ठरते. दौंड नावाचा गोंधळ कमी होतो, शिरूरचा मात्र वारंवार होतो. बीड जिल्ह्यात शिरूर (कासार) आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हे स्वतंत्र तालुके आहेत. शिवाय शिरूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आहे, त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, भोसरी व हडपसर हे विधानसभा मतदारसंघही येतात. दौंड मात्र बारामती लोकसभा मतदारसंघात आहे. म्हणून 'शिरूर' हा शब्द देऊन माहिती शोधणारी मेथड कोणते शिरूर देईल हे सांगता येत नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूरचा संकेतांक दिल्यावर शिक्रापूर व पाबळ यावेत आणि बीडमधील एकही गाव येऊ नये, तसेच दौंडचा संकेतांक दिल्यावर यवत, पाटस, वरवंड यावेत व शिरूरमधील गावे येऊ नयेत, अशा दोन चाचण्या एकत्र लिहिल्या तरच छाननी खरोखर होते की नाही हे कळते. केवळ 'यादी रिकामी नाही' एवढेच तपासणारी चाचणी, मेथडने सर्व तालुक्यांची गावे एकत्र दिली तरी यशस्वी ठरेल.

चाचणीची रचना

युनिट चाचणीचे साधारणतः तीन भाग असतात: पूर्वतयारी, कृती आणि पडताळणी. पूर्वतयारीत कंट्रोलरला लागणारे इतर घटक पुरवले जातात. गावांची माहिती खऱ्या डेटाबेसमधून न आणता तिच्या जागी एक बदली घटक ठेवला जातो. अशा घटकांना जेरार्ड मेझारोस यांच्या २००७ मधील ग्रंथापासून 'टेस्ट डबल' हे सामाईक नाव रूढ झाले. त्यात ठरावीक उत्तर देणारे स्टब आणि आपल्याला कसे बोलावले गेले याची नोंद ठेवणारे मॉक असे भेद केले जातात. कंट्रोलरला त्याचे साहाय्यक घटक बाहेरून, बहुधा कन्स्ट्रक्टरमधून, मिळत असतील तरच ही अदलाबदल सहज होते. कंट्रोलर स्वतःच डेटाबेसची जोडणी उघडत असेल, तर युनिट चाचणी लिहिण्यापूर्वी त्याची रचना बदलावी लागते. चाचणी लिहिणे अवघड जाणे हे पुष्कळदा रचनेतील दोषाचेच लक्षण असते.

कृतीच्या भागात मेथड एकदाच बोलावली जाते. पडताळणीत परत आलेल्या ऑब्जेक्टमधील माहिती अपेक्षित माहितीशी ताडून पाहतात. एएसपी डॉट नेट एमव्हीसीच्या जुन्या आवृत्त्यांत ही माहिती जेसनरिझल्टच्या 'डेटा' या गुणधर्मात, तर २०१६ नंतरच्या कोअर आवृत्तीत 'व्हॅल्यू' या गुणधर्मात असते. कोअरच्या २.१ आवृत्तीत (२०१८) मेथडचा परतीचा प्रकार ठरवून देण्याची सोय आली, पण तिच्यासोबत एक फसगतही आली. मेथडने माहिती थेट परत केल्यास ती 'व्हॅल्यू'मध्ये मिळते. तीच माहिती 'ओके' या साहाय्यक मेथडमधून परत केल्यास बाहेरची 'व्हॅल्यू' रिकामी असते आणि माहिती 'रिझल्ट'च्या आत सापडते. नवशिक्यांच्या चाचण्या येथे हमखास अडतात.

अस्तित्वात नसलेला संकेतांक दिला असता काय व्हावे, याचीही चाचणी आवश्यक असते. रिकामी यादी आणि '४०४' हा स्थिती-संकेत ही दोन भिन्न उत्तरे आहेत. पहिल्याचा अर्थ तालुका आहे पण गावे नोंदलेली नाहीत असा होतो, दुसऱ्याचा अर्थ असा तालुकाच नाही. या दोहोंतील फरक न केल्यास पडद्यावर रिकामी निवडयादी दिसते आणि आपले गाव नोंदीतच नाही असा वापरकर्त्याचा समज होतो.

ऑब्जेक्ट आणि मजकूर यांतील अंतर

या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण एएसपी डॉट नेट एमव्हीसीच्या दुसऱ्या आवृत्तीत (मार्च २०१०) आढळते. त्या काळच्या काही ब्राउझरमध्ये जेसन यादी परक्या संकेतस्थळावरील स्क्रिप्टला चोरून वाचता येण्याचा धोका होता. म्हणून या आवृत्तीपासून 'गेट' प्रकारच्या विनंतीला जेसन उत्तर देण्यास मूलतः मनाई करण्यात आली. परवानगी हवी असल्यास ती मेथडमध्ये स्पष्ट लिहावी लागते. मात्र ही मनाई मेथड चालताना लागू होत नाही. मेथड जेसनरिझल्ट तयार करून परत करते आणि फ्रेमवर्क त्याचे मजकुरात रूपांतर करू लागते तेव्हा त्रुटी उद्भवते. त्यामुळे परवानगी लिहायची राहिली तरी युनिट चाचणी निर्वेध पार पडते आणि ब्राउझरमध्ये मात्र गावांची यादी कधीच येत नाही. मेथडला दिलेली परवानगी चाचणीत स्वतंत्रपणे तपासणे हा यावरील उपाय आहे.

दुसरी अडचण निनावी प्रकारांची आहे. सी शार्प भाषेत अनेक प्रोग्रामर जेसनसाठी वेगळा क्लास न लिहिता जागच्या जागी निनावी ऑब्जेक्ट बनवतात. असे प्रकार त्यांच्या स्वतःच्या असेंब्लीपुरतेच दृश्य असतात. चाचण्या वेगळ्या असेंब्लीत असल्याने 'डायनॅमिक' पद्धतीने गुणधर्म वाचू पाहताच तो गुणधर्म अस्तित्वात नसल्याची त्रुटी येते, वास्तविक डीबगरमध्ये तो डोळ्यांसमोर दिसत असतो. यावर तीन मार्ग प्रचलित आहेत. मूळ असेंब्लीने आपले अंतर्गत प्रकार चाचणी असेंब्लीस खुले करणे हा एक, रिफ्लेक्शनच्या साहाय्याने गुणधर्म वाचणे हा दुसरा. पहिल्याने मूळ प्रकल्पावर चाचणीची छाप पडते, दुसऱ्याने चाचणी वाचायला क्लिष्ट होते. तिसरा मार्ग म्हणजे उत्तरासाठी नाव असलेला छोटा क्लास लिहिणे. त्यासाठी चार ओळी अधिक लागतात, परंतु उत्तरात नेमके कोणते रकाने जातात हे एका जागी लिखित राहते, म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकल्पांत हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो.

रकान्यांच्या नावांतही बदल होतो. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये गुणधर्माच्या नावातील पहिले मोठे रोमन अक्षर जेसनमध्ये मूलतः लहान केले जाते. जुन्या आवृत्तीत नाव जसेच्या तसे जात असे. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेल्यावर ऑब्जेक्ट तपासणाऱ्या चाचण्या यशस्वी राहतात, कारण ऑब्जेक्टमधील नाव बदललेले नसते. ब्राउझरमधील स्क्रिप्ट मात्र जुन्याच नावाचा शोध घेत राहते आणि तिला काहीच मिळत नाही. देवनागरीत लहान-मोठे अक्षर असा भेद नसल्याने देवनागरी नावांना ही अडचण येत नाही.

म्हणून चाचणीत मिळालेल्या ऑब्जेक्टचे, प्रत्यक्ष अनुप्रयोगातील मांडणीच वापरून, मजकुरात रूपांतर करावे आणि तो मजकूर पुन्हा वाचून रकाने तपासावेत, अशी पद्धत अनेक प्रकल्पांत अवलंबली जाते. वेगळी मांडणी वापरून केलेले रूपांतर निरुपयोगी असते. त्यातून चाचणीचीच मांडणी तपासली जाते. मजकुराची अक्षरशः तुलना करणेही टाळावे. जेसन ऑब्जेक्टमधील रकान्यांच्या क्रमाला अर्थ नसतो, त्यामुळे क्रम बदलताच निष्कारण अपयशी ठरणाऱ्या चाचण्या निर्माण होतात. यादीतील घटकांच्या क्रमाला मात्र अर्थ असतो.

देवनागरी मजकूर

आरएफसी ८२५९ नुसार परस्परांशी अदलाबदल होणारे जेसन यूटीएफ-८ मध्ये असावे लागते. तरीही देवनागरी अक्षर दोन रीतींनी लिहिता येते: थेट, किंवा उलट तिरकी रेघ, रोमन 'यू' आणि चार षोडशमान अंक यांच्या साहाय्याने. दोन्हींचा अर्थ एकच असतो. 'शिरूर' या शब्दात पाच युनिकोड वर्ण आहेत (श, इकार, र, ऊकार, र). थेट लिहिल्यास त्याला १५ बाइट लागतात, सांकेतिक रूपात ३० लागतात. डॉट नेटमध्ये २०१९ पासून मूलभूत असलेली जेसन लायब्ररी, पायथनची 'जेसन' लायब्ररी आणि पीएचपीचे जेसन फलन ही तिन्ही मूलतः सांकेतिक रूप देतात. अपेक्षित मजकूर थेट देवनागरीत लिहून त्याची तुलना केल्यास चाचणी अपयशी ठरते, जरी ब्राउझरला दोन्ही सारखेच दिसत असले तरी. मजकूर वाचून मग तुलना केली की हा प्रश्न उरत नाही. तिन्ही ठिकाणी थेट देवनागरी लिहिण्याची सोय मांडणीत बदल करून मिळते.

जावातील स्प्रिंग चौकटीत वेगळाच अनुभव येतो. तेथील मॉकएमव्हीसी हे साधन प्रत्यक्ष सर्व्हर न चालवता विनंती व उत्तर यांचा संपूर्ण प्रवास घडवते. स्प्रिंगच्या ५.२ आवृत्तीत (२०१९) जेसन उत्तराच्या शीर्षकातून वर्णसंचाचा उल्लेख वगळण्यात आला, कारण मानकानुसार तो अनावश्यक होता. पण चाचणीतील बनावट उत्तर मजकूर वाचताना उल्लेख नसल्यास जुना पाश्चात्त्य वर्णसंच गृहीत धरत असे. परिणामी गावांची नावे अगम्य चिन्हांच्या रूपात येऊ लागली आणि पूर्वी यशस्वी होणाऱ्या चाचण्या कोसळल्या. येथे अनुप्रयोग बरोबर होता, चाचणीचे वाचन चुकीचे होते. वाचताना यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करणे हा त्यावरील उपाय आहे.

एकसारखे दिसणारे शब्द आतून भिन्न असू शकतात, ही याहून सूक्ष्म अडचण होय. पुरंदर व बारामती तालुक्यांतून वाहणाऱ्या कऱ्हा नदीच्या नावातील 'ऱ' हा एक स्वतंत्र वर्ण म्हणून साठवता येतो किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन वर्णांनीही. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपे समान मानली जातात, परंतु साधी तुलना त्यांना वेगळे ठरवते. हाच अर्धा 'र' काही कळफलकांवर 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीने उमटतो, आणि त्याला युनिकोडचे सामान्यीकरणही एकरूप करत नाही. कऱ्हाटीसारखे गावाचे नाव शोधणारी मेथड या तिन्ही रूपांनी तपासणे योग्य ठरते. 'शिरूर' आणि 'शिरुर' यांतील भेद मात्र शुद्धलेखनाचा आहे. मराठी लेखननियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार दीर्घ असतो, पण फलकांवर व जुन्या नोंदींत ऱ्हस्व रूपही आढळते. ब्रिटिशकालीन इंग्रजी कागदपत्रांत तर शिरूरचे 'सिरूर' आणि दौंडचे 'धोंड' असे लेखन आहे. अशी पर्यायी रूपे स्वीकारायची की नाकारायची हा धोरणाचा प्रश्न आहे. चाचणीने तो निर्णय नोंदवून ठेवावा एवढेच अपेक्षित असते.

अंक, क्षेत्रफळ आणि गट क्रमांक

जेसनमधील संख्या केवळ पाश्चात्त्य अंकांत लिहिता येते. देवनागरी अंक अवतरणचिन्हांतील मजकुरात चालतात, संख्या म्हणून अवैध ठरतात. जेसन लायब्ररी हा नियम आपोआप पाळतात. पण शब्दरचना जोडून हाताने जेसन तयार करणारी मेथड येथे फसू शकते. जागतिक भाषा-मांडणीच्या सीएलडीआर या संचात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत आहेत आणि जावाने नवव्या आवृत्तीपासून (२०१७) हा संच स्वीकारला. परिणामी सर्व्हरची भाषा मराठी केल्यास स्वरूपित केलेली संख्या देवनागरीत उमटते आणि संपूर्ण उत्तर वाचता येत नाही. प्रोग्रामरच्या संगणकावर भाषा इंग्रजी असेल तर हा दोष चाचणीत दिसत नाही. म्हणून भाषा मराठी ठेवूनही चाचणी चालवणे इष्ट असते.

सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर-आर मध्ये नोंदतात. दोन खातेदारांचे ०.१ व ०.२ हेक्टर क्षेत्र दशांश चिन्हाच्या द्विमान प्रकारात मिळवल्यास बेरीज अचूक ०.३ येत नाही, शेवटच्या स्थानी सूक्ष्म फरक राहतो. पैशांप्रमाणेच जमिनीच्या क्षेत्रासाठीही दशमान प्रकार वापरावा आणि बेरजेची चाचणी अशाच संख्यांनी करावी. 'तुलनेत थोडा फरक चालेल' अशी सवलत चाचणीत देणे येथे गैरलागू आहे, कारण खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी तंतोतंत जुळावी लागते.

गट क्रमांक 'क्रमांक' म्हटला जात असला तरी '१२/१अ' सारख्या नोंदींमुळे तो मजकूरच असतो. पिनकोडही मोजायची संख्या नसल्याने तो मजकूर म्हणूनच पाठवला जातो. दौंडचा ४१३८०१ आणि शिरूरचा ४१२२१० यांची बेरीज कोणी करत नाही. मोठ्या ओळख क्रमांकांबाबत आणखी एक मर्यादा आहे. जावास्क्रिप्टमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पेक्षा मोठी पूर्ण संख्या अचूक राहतेच असे नाही, शेवटचे अंक बदलू शकतात. सर्व्हरवरील चाचणीत हा बदल दिसणे शक्य नाही, कारण तो ब्राउझरमध्ये घडतो.

दिनांक

जेसनमध्ये दिनांकासाठी स्वतंत्र प्रकार नाही. जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद एका विशिष्ट मजकुरात दिले जात. आता आयएसओ ८६०१ या मानकातील लेखन रूढ आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे भारतातील १ ऑगस्टची मध्यरात्र ही जागतिक वेळेनुसार ३१ जुलैची सायंकाळी साडेसहाची वेळ असते. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट रोजी सुरू होते. फेरफाराचा दिनांक वेळेसह साठवला आणि रूपांतरात तो जागतिक वेळेत गेला, तर १ ऑगस्टची नोंद आदल्या महसुली वर्षात जाऊन पडते.

हा दोष पुण्यातील प्रोग्रामरच्या संगणकावर दिसत नाही, कारण तेथे सर्व काही भारतीय वेळेत चालते. चाचण्या आपोआप चालवणारे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतात व तेथे तीच चाचणी अपयशी ठरते. अशी चाचणी 'अस्थिर' म्हणून बंद करण्याचा मोह होतो, वास्तविक तिने खरा दोष पकडलेला असतो. उलट दिशेनेही हे घडते. केवळ दिनांक असलेला मजकूर जावास्क्रिप्टची डेट ही रचना जागतिक वेळ समजून वाचते. त्यामुळे दौंडमधील वडिलोपार्जित जमिनीची १ ऑगस्टची नोंद अमेरिकेत राहणाऱ्या वारसाला ३१ जुलैची दिसू शकते. ज्या नोंदीत वेळेला अर्थ नाही तेथे केवळ दिनांक साठवणारा प्रकार वापरणे हा मूलगामी उपाय आहे. जावात तो २०१४ पासून आणि डॉट नेटमध्ये २०२१ पासून उपलब्ध आहे. चाचणीत 'आज' हा दिनांकही बाहेरून पुरवावा, अन्यथा ३१ जुलैच्या रात्री यशस्वी झालेली चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी अपयशी होते.

न पाठवायच्या माहितीची चाचणी

डेटाबेसमधील नोंद जशीच्या तशी जेसन म्हणून परत करणे ही सोयीची पण धोकादायक सवय आहे. आज त्या नोंदीत नाव व क्षेत्र असते. उद्या कोणीतरी तिच्यात खातेदाराचा मोबाईल क्रमांक जोडतो आणि कंट्रोलरला हात न लावता तो क्रमांक सर्वांना खुला होतो. अपेक्षित रकाने आहेत का एवढेच तपासणारी चाचणी हे पकडत नाही. उत्तराच्या मजकुरातील रकान्यांचा संच ठरलेल्या संचाशी पूर्णतः जुळतो का, हे तपासणारी चाचणी नवा रकाना येताच अपयशी ठरते आणि तो जाणीवपूर्वक जोडला का, असा प्रश्न विचारला जातो. अशा चाचणीची थोडी अडचण होते, कारण प्रत्येक वैध बदलासोबत तीही बदलावी लागते. व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्या मेथडपुरती ती अडचण सोसण्याजोगी आहे.

मर्यादा

मेथड थेट बोलावली असता तिच्यावर लावलेली विशेषणे, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, कार्यान्वित होत नाहीत. केवळ ग्राम महसूल अधिकाऱ्याने (पूर्वीचे तलाठी) वापरायच्या मेथडवरील प्रवेश-निर्बंध कोणी चुकून काढून टाकला, तरी युनिट चाचणीला त्याचा पत्ता लागत नाही. पत्त्यावरून योग्य मेथडची निवड होणे, आलेल्या माहितीची ग्राह्यता तपासली जाणे, त्रुटीचे योग्य उत्तरात रूपांतर होणे या बाबीही तिच्या कक्षेबाहेर राहतात. चालू विनंतीचा संदर्भ चाचणीत नसल्याने लॉगिन केलेल्या व्यक्तीचे नाव वाचणारी मेथड तर चालतच नाही. तो संदर्भ हाताने उभा करावा लागतो.

या बाबींसाठी संपूर्ण अनुप्रयोग स्मृतीत चालवून त्याला खरी विनंती पाठवणाऱ्या एकत्रित चाचण्या वापरतात. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये २०१६ पासून, स्प्रिंगमध्ये २०१२ पासून अशी अंगभूत साधने आहेत; जँगो व लाराव्हेल या चौकटींत चाचणीसाठीचा ग्राहक मुळातच विनंतीच्या पातळीवर काम करतो, म्हणून तेथे मेथड थेट बोलावून तपासण्याची प्रथा फारशी रुजलेली नाही. कंट्रोलर अगदी पातळ ठेवून सर्व निर्णय वेगळ्या सेवा-क्लासमध्ये न्यावेत, त्यांची युनिट चाचणी करावी आणि कंट्रोलर फक्त एकत्रित चाचणीने तपासावा, असेही मत मांडले जाते. गावांच्या यादीसारख्या मेथडमध्ये कंट्रोलरचे स्वतःचे काम जवळजवळ नसते. तेथे हे मत पटण्यासारखे आहे. संकेतांक नसणे, परवानगी नसणे आणि माहिती अपुरी असणे यांवरून वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या कंट्रोलरमध्ये मात्र शाखा अनेक असतात, आणि प्रत्येक शाखेसाठी संपूर्ण अनुप्रयोग उभा करण्यापेक्षा युनिट चाचणी बरीच जलद चालते.